बडोद्यात दुसरी इलेक्ट्रिक गाडी घेताना: कॉमेट, टियागो ईव्ही की पंच ईव्ही?

घरात एक इलेक्ट्रिक गाडी आधीच आहे. नेक्सॉन असेल, विंडसर असेल. ती सकाळी मकरपुऱ्याला किंवा हालोलला कामावर निघून जाते आणि मागे राहिलेल्यांना बँक, भाजी, मुलांचे क्लास, आजींचा दवाखाना यासाठी रिक्षा शोधावी लागते. तीन-चार माणसांच्या अशा घरात दुसऱ्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: रेंज किती? दुसऱ्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा आहे. मांजलपूरहून अलकापुरी, तिथून रावपुरा, दांडिया बाजार आणि परत घर, एवढं फिरूनही २५ किलोमीटर होत नाहीत.

विचारायचं ते वेगळंच. पहिली गाडी दोन दिवस सर्व्हिसला गेली, तर दुसरीकडून काय काय करून घ्यायचंय? शहरातली कामं झाली की पुरे, असं असेल तर एमजीची कॉमेट चालेल. त्या दोन दिवसांत कुणाला अहमदाबादला जावं लागू शकत असेल तर कॉमेटचं नाव तिथेच खोडा. चार माणसं सामानासकट निघणार असतील तर टाटाच्या टियागोचीही डिकी अपुरी पडते.

| | कॉमेट | टियागो ईव्ही | पंच ईव्ही |
|---|---|---|---|
| लांबी (मिमी) | २९७४ | ३७६९ | ३८५७ |
| बॅटरी (किलोवॉट-तास) | १७.३ | १९.२ / २४ | २५ / ३५ |
| डिकी (लिटर) | नावापुरती | २४० | ३६६ |
| फास्ट चार्जिंग | नाही | आहे | आहे |

(टाटाच्याच पंचचे आकडे जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या गाडीचे.)

कॉमेटची लांबी पावणेदहा फूट, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. वळायला ४.२ मीटरची त्रिज्या पुरते, टियागोला ५.१ लागते. मांडवीच्या आसपासच्या पोळमध्ये (अरुंद गल्लीत) किंवा दांडिया बाजारातल्या वाड्याच्या चौकात हा जवळजवळ एक मीटरचा फरक म्हणजे एका झटक्यात वळणं आणि तीनदा मागेपुढे करणं यातला फरक आहे. रुंदीही टियागोपेक्षा १७ सेंटिमीटरनी कमी.

पण गाडी अरुंद असली तरी दार लांब आहे. दोनच दारं असल्यामुळे ती नेहमीच्या हॅचबॅकच्या दारापेक्षा बरीच मोठी आहेत. दोन्ही बाजूंना भिंत असलेल्या जागेत गाडी सहज जाते आणि मग आतल्या माणसाला उतरता येत नाही. म्हणून गाडी मावते का एवढंच मोजू नका. चालकाच्या बाजूला किमान अडीच फूट मोकळे राहतात का तेही बघा. मागे बसायचं तर डावीकडची पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ते जमत नाही. आजींना पुढे बसवा. तिथे मात्र सीट उंच आणि ताठ असल्याने चढणं-उतरणं टियागोपेक्षा सोपं जातं. मागे माणसं असतील तर किराण्याच्या दोन पिशव्या पायाशीच ठेवायच्या. मागच्या सीट पाडल्या तर भरपूर जागा होते, म्हणजे गाडी खरी दोन माणसांची आणि सामानाची.

टायर १२ इंची, १४५/७० मापाचे. खड्ड्यात चाक खोल जातं आणि धक्का कमरेला कळतो. पावसाळ्यानंतरच्या वाघोडिया रोडवर एक चक्कर मारून बघा, शोरूमच्या गुळगुळीत फेरीवरून ठरवू नका. कॉमेट आणि टियागो, दोन्हींत स्टेपनी नाही, पंक्चर किट मिळतं. फरक इतकाच की टियागोचा १४ इंची टायर कुठल्याही टायरवाल्याकडे असतो, १२ इंची मागवावा लागू शकतो. कॉमेट हालोलला बनते आणि टियागो ईव्ही साणंदला, म्हणून पार्ट घरबसल्या मिळतील असं कुणी समजू नये. पार्ट सर्व्हिस सेंटरच्या ऑर्डरनेच येतो, कारखाना शेजारी असो नाहीतर चाकणला.

टियागो ईव्ही घ्यायची तर २४ किलोवॉट-तासाच्या बॅटरीची. १९.२ वाली थोडी स्वस्त आहे आणि शहरासाठी पुरेशीही आहे, पण नुसतं शहरच फिरायचं असेल तर मग कॉमेट का नको? टियागोचा फायदा एक्सप्रेसवेवर दिसतो. २४ च्या गाडीची कंपनीने सांगितलेली रेंज आधी ३१५ होती, चाचणीची पद्धत बदलल्यावर २९३ झाली. गाडी तीच. प्रत्यक्षात शहरात १९० ते २१० धरा, एसी लावून एक्सप्रेसवेवर ९०-१०० च्या वेगाने १६० च्या आसपास. अहमदाबाद एका बाजूने ११० किलोमीटर. म्हणजे जाणं निवांत, येताना एकदा चार्जिंग. फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला तासाभरापेक्षा थोडा कमी वेळ लागतो, तेवढ्यात जेवण होतं. कॉमेटला फास्ट चार्जिंगची सोयच नाही. २०२४ पासून तिच्या महागड्या प्रकारांत ७.४ किलोवॉटचं घरगुती विजेवरचं (एसी) चार्जिंग आलं, तरी पूर्ण व्हायला साडेतीन तास लागतात. शिवाय तिचा वेग शंभराच्या आसपास संपतो आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोनच मीटर. शेजारून ट्रेलर गेला की गाडी हलते. एक्सप्रेसवेवर तिला नेऊच नका.

पंचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण निर्णय सोपा आहे. सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत, भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत ५ तारे, १९० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स. लहान मूल रोज गाडीत असेल आणि बजेट ताणता येत असेल तर हीच घ्यावी. अडचण एकच: ती आली की घरात दोन मोठ्या गाड्या होतात आणि गल्लीतल्या जागेचं भांडण तसंच राहतं. सिट्रोएन ईसी३ स्वस्तात मिळते म्हणून अनेकांच्या यादीत असते. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला शून्य तारे दिले, आणि बॅटरी हवेवर थंड होते. बडोद्याच्या मे महिन्यात फास्ट चार्जिंग करायचं असेल तर ती गोष्ट अंगावर येते. टियागो आणि पंचमध्ये बॅटरीला पाण्याचं कूलिंग आहे.

आता ज्यावर सगळे घाई करतात ते: वायरिंग.

दुसरी गाडी आठवड्याला १५० किलोमीटर चालली तर भिंतीतून साधारण १७ युनिट लागतात. सोबत येणारा १५ अँपिअरचा चार्जर ताशी ३ युनिट देतो. म्हणजे आठवड्यातून एक रात्र, सहा तास. या गाडीसाठी वेगळा ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा मोठा चार्जर), थ्री फेज मीटर, लोडवाढीचा अर्ज यातलं काही लागत नाही. सेल्समन मात्र ते आधी सांगेल.

दोन्ही गाड्या एकदम लावायच्या नाहीत, हे तोंडी ठरवून भागत नाही. दोन चार्जर सहा किलोवॉट, त्यात बेडरूमचा एसी आणि सकाळचा गिझर मिळून दहाच्या घरात जातात आणि मेन एमसीबी पहाटे पाचला उडतो. उपाय साधा आहे: मीटरपासून एकच स्वतंत्र लाइन आणा, पुढे ३२ अँपिअरचा चेंजओव्हर स्विच, त्यातून दोन सॉकेट. एका वेळी एकच चालू होतं. स्विच फिरवण्याआधी गाडीतून चार्जिंग थांबवायचं, नाहीतर ठिणगीने संपर्काचे पत्रे काळे होतात.

लाइन ४ एमएम (चौरस मिमी) तांब्याची हवी. २.५ ची वायर सहा तास १३ अँपिअर ओढते खरी, पण अंतर २० मीटरच्या पुढे गेलं की व्होल्टेज पडतं. जुन्या वाड्यांत ॲल्युमिनियमची वायर अजून असते. तिला हातच लावू नका, नवीनच ओढा. सुरुवातीला २० अँपिअरचा आरसीबीओ (करंट गळला किंवा जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए. सॉकेट औद्योगिक प्रकारचं किंवा निदान चांगल्या ब्रँडचं १६ अँपिअरचं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. सॉकेट वितळतं ते करंट जास्त झाला म्हणून नाही. स्क्रू सैल असतो किंवा पिनेची पकड ढिली पडलेली असते म्हणून. महिन्यातून एकदा चार्जिंगच्या तिसऱ्या तासाला प्लगवर हात ठेवा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला.

चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही, ही तक्रार जुन्या घरांत सर्रास येते. गाडीत दोष नसतो, अर्थिंग नसतं. पूर्वी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. पुढे पाइप पीव्हीसीचा झाला आणि तार तशीच लोंबकळत राहिली. वायरमनला लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ५ च्या वर दिसलं तर नवीन अर्थ रॉड घालून घ्या.

चार्जिंगचं तोंड कुठे आहे तेही बघा. कॉमेटचं पुढे, लोगोच्या मागे, पंचचंही पुढे, टियागोचं मागच्या बाजूला, पेट्रोलचं झाकण असतं तिथे. पहिली गाडी पुढून आत घालायची सवय असेल आणि सॉकेट आतल्या भिंतीवर असेल, तर टियागो रोज उलटी आत घ्यावी लागेल. गल्लीत संध्याकाळी सातला ही कसरत गमतीची नसते.

पैशाचं गणित. महिन्याला ६५० किलोमीटर, एका युनिटला ९ किलोमीटर, म्हणजे ७२ युनिट. सोयीसाठी आठ रुपये दर धरला तर ५७६ रुपये. स्वतःचा दर काढताना बिलाला एकूण युनिटने भागू नका. गाडीची युनिटं वरच्या स्लॅबमध्ये पडतात. गाडी येण्याआधीचं आणि नंतरचं दोन महिन्यांचं बिल घ्या आणि फरकाला फरकाने भागा. छोटी पेट्रोल गाडी शहरात लिटरला १५ देते. लिटरला ९५ रुपये धरले तर ४,१०० होतात. महिन्याला साडेतीन हजार वाचतात, वर्षाला ४२ हजार. पेट्रोलची गाडी तीन लाखांनी स्वस्त मिळत असेल तर वसुलीला सात वर्षं लागतात, आणि रोजचं फिरणं १२ किलोमीटरच असेल तर जवळपास तेरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून हा फरक वाढलाच आहे. रोज दहा-बाराच किलोमीटर फिरणाऱ्या घराने दोन-तीन वर्षं वापरलेली टियागो ईव्ही बघावी. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी रिपोर्ट घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

बॅटरी भाड्याने घ्यायची योजना कॉमेटसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये आली: तेव्हा गाडी ४.९९ लाख, वर किलोमीटरला अडीच रुपये. दिसायला झकास. पण करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची अट आहे का ते वाचा. समजा ती १५०० ची आहे. मग ६५० चालवूनही ३,७५० रुपये जातात, म्हणजे किलोमीटरला पावणेसहा. त्यात विजेचे नव्वद पैसे मिळवा. पेट्रोलचा खर्च सव्वासहा आहे. दुसरी गाडी कमी चालते म्हणूनच तर ती दुसरी. तिच्यावर भाड्याची बॅटरी महाग पडते.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह अनुदान योजनेत खासगी कार नाहीत.

कमी चालणाऱ्या गाडीचा खरा शत्रू मोठी बॅटरी नाही, १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहे. मोबाइल ॲपशी जोडलेलं यंत्र गाडी बंद असतानाही थोडं थोडं खात राहतं. तीन आठवडे गावाला जाऊन आलात की मोठी बॅटरी ६० टक्के भरलेली आणि गाडी मात्र उघडत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी' करून ठेवली की छोटी भरते. मोठीला उभी ठेवताना ४० ते ६० टक्के पुरे. एरवी या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्या महिन्यातून एकदा तरी शंभरावर न्या, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकतो आणि १५ वरून एकदम ५ दिसतात. पावसाळ्यात ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, कारण रिजनरेशनमुळे (पाय उचलला की मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते) ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत. मोकळ्या रस्त्यावर रिजन कमीत कमी करून चार-पाचदा दाबून ब्रेक मारा.

आणि विश्वामित्री नदी. ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांनी समा, फतेगंज, अकोट्यात पाहिला त्यांना समजवायला नको. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं: नवी पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. सीट, वायरिंग, कनेक्टर यांना ते लागू नाही. चार्जिंगचं सॉकेट जमिनीपासून चार-पाच फुटांवर बसवा. पाणी चढायच्या आत गाडी उंचावर न्या आणि मेन एमसीबी पाडा. गाडी भिजली तर सुरू करून बघायची नाही, चार्जर लावायचा नाही. चारही चाकं उचलणाऱ्या ट्रकवरच न्यायची. कॉमेटची ओढणारी चाकं मागची आहेत, टियागो-पंचची पुढची, त्यामुळे दोरीने ओढणं प्रत्येकीत वेगळ्या तऱ्हेने महागात पडतं. विम्यात बॅटरी आणि चार्जरचं जादा कव्हर पॉलिसीच्या कागदावर छापलेलं आहे ना, ते डिलिव्हरीच्या आधी वाचा. गरनाळ्यात (रुळांखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी भरलेलं दिसलं तर यातली कुठलीच गाडी घालू नका, समोरची रिक्षा गेली तरी.