जुन्या फोटोंची दुरुस्ती: चार तारे, पाचवा खाकी रंगाने खाल्ला

काम: एका फोटोची दुरुस्ती, रंग भरणं, फ्रेम आणि एका लॉगबुकचं, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या वहीचं, स्कॅनिंग.

माझ्या सासूबाई इंग्रज, साउदॅम्प्टनजवळ राहतात. त्यांच्या मावशी दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होत्या. मधोमध घडीची चीर गेलेला त्यांचा फोटो मी पुण्याला येताना घेऊन आले, कारण फ्रेमचे तिकडचे दर ऐकून घाम फुटतो.

काउंटरवरच्या मुलाने फोटो पाहिला आणि म्हणाला, "ताई, या एअर होस्टेस का?" नाही रे बाबा, स्पिटफायर लढाऊ विमानं चालवायच्या! मग मालक काका आतून उठूनच आले. त्यांना सांगितलं, की यांनी लढाई नाही केली. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत होत्या, म्हणजे कारखान्यातून नवं विमान घ्यायचं आणि हवाई दलाच्या तळावर पोचतं करायचं. रेडिओ वापरायचा नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारे रूळ-नद्या यांवर भिस्त. अशा १६८ बायका होत्या. १९४३ पासून पगारही पुरुषांइतकाच. "तेव्हा?" काका म्हणाले. हो, तेव्हा.

चीर अशी बुजवलीय की भिंग लावूनही सापडत नाही, आणि चेहरा गुळगुळीत करून बाहुली केलेली नाही. डोळ्यांखालचं काळं तसंच ठेवलंय. याचे पैकीच्या पैकी.

रंगात मात्र गडबड. लष्करी कपडे दिसले की सॉफ्टवेअर खाकी ओततं बहुतेक. मावशींचा गणवेश गडद निळा, छातीवरचे पंख सोनेरी. पहिल्या प्रिंटमध्ये खाकी आणि चंदेरी. मी संग्रहालयातल्या गणवेशाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. काकांनी वाद न घालता, जादा पैसे न घेता नवी प्रिंट काढली. निळा अजूनही शाळेच्या स्वेटरकडे झुकतो, पण चालेल.

लॉगबुकबद्दल एक सूचना. शाईचं सगळं छान येतं, पेन्सिलीचं उडतं. मावशींचा तळ हॅम्बलचा, तिथल्या वैमानिक सगळ्या बायकाच. ईस्टलीहून लाइनहॅम, परत येताना टॅक्सीसारखं ॲन्सन विमान, अशा नोंदी शाईत; शेरे मात्र पेन्सिलीत, बहुतेक हवेला शिव्या. पहिल्या स्कॅनमध्ये ते शेरे कोरेच आले. सांगितल्यावर पानं पुन्हा गडद करून दिली. तुम्ही आधीच सांगा.

मूळ वस्तू त्यांनी माझ्यासमोर मोजून पाकिटात घातल्या, सही घेतली. फ्रेमची काच साधी आहे, विमानाने न्यायची असेल तर ॲक्रिलिक मागा. दुकान वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा आहे, आणि गाडी लावायला जागा शोधत बसू नका, रिक्षाच करा. दुपारी एक ते चार अर्थातच बंद.