टीव्ही कॉमिक की डॉक्टर हू मॅगझिन?

'डॉक्टर हू' या कालप्रवासी डॉक्टरच्या ब्रिटिश टीव्ही मालिकेची चित्रकथा वाचायची तर कुठली? 'टीव्ही कॉमिक' या मुलांच्या साप्ताहिकातली १९६४ची, मालिका जेमतेम वर्षाची असतानाची. तिथे डॉक्टरसोबत जॉन आणि गिलियन ही नातवंडं. मालिकेत त्यांचा पत्ताच नाही. गोड, पण पोरकट.

१९७९ला साप्ताहिक म्हणून निघालेल्या, पुढे मासिक झालेल्या 'डॉक्टर हू मॅगझिन'चा तोलच वेगळा. सुरुवातीची चित्रं डेव्ह गिबन्सची: रोमन साम्राज्य कधी कोसळलंच नाही अशा जगातून चाल करून आलेले यंत्रसैनिक. नंतर फ्रॉबिशर, हवं ते रूप घेऊ शकणारा गुप्तहेर, आणि राहतो कसा? पेंग्विन होऊन! १९८९ला मालिका थांबली, चित्रकथा नाही. तोवर १९९६च्या एकाच टीव्हीपटात दिसलेला आठवा डॉक्टर (डॉक्टरचं रूप आणि नट बदलत राहतात, त्यातला आठवा) इथे २००५पर्यंत नांदला. मी तर हीच उचलेन.