कानाला दडा, तोंड वाकडं: थांबायचं, पडद्याला छेद घ्यायचा, की चेंबर गाठायचा?

नाताळात बडोद्याच्या दांडिया बाजारातून तारकर्लीला डायव्हिंगला गेलेल्यांत एखाद्याचा कान दडलेला असतोच. परतल्यावर पहिली चौकशी ऑक्सिजन चेंबरची, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद खोलीची. मी आधी विचारतो, त्रास कधी सुरू झाला?

खाली जाताना दुखलं, तर मामला बहुधा मध्यकर्णाचा. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, कानातली हवा आक्रसते आणि घशाकडची नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. नाक मोकळं ठेवणं, वेदनाशामक, बरं होईपर्यंत पाणी बंद. पडदा फाटला असेल तर कान कोरडा ठेवायचा, मनाने थेंब घालायचे नाहीत. इथे चेंबर नकोच. तिथेही दाब याच कानाला सोसायचा.

वर येताना तोंड वाकडं झालं, तर घाबरगुंडी उडते. चेहऱ्याची नस मध्यकर्णाला लागून हाडाच्या बोगद्यातून जाते. काहींत तिथे हाड अपुरं असतं, नस उघडी असते. अडकलेल्या हवेने नसेचा रक्तपुरवठा दबतो. गिळून, जांभई देऊन हवा सुटली की बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर तासांत चेहरा सरळ होतो. नाक दाबून फुंकू मात्र नये, दाब वाढतो. कान भरलेलाच राहिला, तर मी वाट पाहण्यापेक्षा छेदाच्या बाजूचा. ती बारीक चीर सहसा आपोआप भरते. सोबत हातपाय लुळे किंवा बोलणं जड असेल, तर मेंदूत हवेचा बुडबुडा गेल्याचा संशय धरून लगेच ऑक्सिजन आणि चेंबर.

खरा पेच गरगरण्याचा. उथळ पाण्यात कान मोकळा करताना जोर लावला आणि गरगरू लागलं, तर आतल्या कानाची खिडकी फाटलेली असू शकते: डोकं उंच, पूर्ण विश्रांती, ठसका-शिंका-जोर टाळायचा. चेंबरने हे बिघडू शकतं. खोल किंवा लांबलेली डुबकी, कान विनासायास मोकळा, आणि बाहेर आल्यावर चक्कर: हे शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं काम, चेंबरला उशीर नको. तिथे नेहमीचा उपचार नेहमीच्या हवेच्या २.८ पट दाबाने सुरू होतो, जवळपास पावणेपाच तास चालतो. दोन्हींत निवाडा होत नसेल, तर काही डॉक्टर आधी पडद्याला छेद देऊन मग चेंबरमध्ये घालतात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

धडधाकट माणसानेही एका डुबकीनंतर १२ तास, अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर १८ तास विमान टाळावं. बुडबुड्यांची शंका असेल तर आंबोली घाटही चढू नका. नुसता कान दडला असेल तर कुडाळहून रेल्वेने या, आणि डायव्ह कॉम्प्युटरमधली (डुबकीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रातली) खोली-वेळ कागदावर उतरवून आणा.