प्रवासात वाचायला ई-रीडर की टॅबलेट? दोन्ही वापरून झाल्यावर सांगते

परवा परत एकीने विचारलं की प्रवासात वाचायला काय घेऊ, ई-रीडर (किंडलसारखं फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र) की टॅबलेट, आणि मी नेहमीसारखं तिलाच उलट विचारलं की तुझ्याकडची पुस्तकं कशात आहेत, ईपब (ज्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं ती फाईल) की पीडीएफ? तिला वाटलं मी टाळतेय. पण खरंच सगळं तिथेच अडतं, माझेही पैसे तिथेच चुकीच्या ठिकाणी गेले होते.

मी आधी टॅबलेट घेतला. रंगीत, मोठा, सिनेमा पण बघता येईल वगैरे वगैरे. पहिल्याच प्रवासात बसमध्ये खिडकीची सीट मिळाली, भर दुपार, ब्राइटनेस फुल केला तरी अक्षरांपेक्षा माझंच तोंड जास्त दिसत होतं. मग गॉगल घातला, टॅबलेट आडवा होता तो उभा केला आणि स्क्रीन काळी ठिक्कर! मेला म्हटलं टॅबलेट. बटणं दाबून झाली, चार्जर शोधून झाला, शेवटी वैतागून गॉगल काढला तर महाशय मस्त चालू. पोलराइज्ड गॉगल आणि एलसीडी स्क्रीनचं हे जुनं भांडण आहे, ठराविक कोनात स्क्रीनचा प्रकाश गॉगलमधून येतच नाही. ई-रीडरला हा त्रास नाही, कारण तिथे आपण वाचतो ते बाहेरच्या उजेडावर, छापील कागदासारखं.

ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरच्या स्क्रीनचा, प्रकार थोडक्यात असा की स्क्रीनमध्ये बारीक बारीक कॅप्सूल असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, वीज दिली की त्यातले कुठले वर यायचे ते ठरतं, आणि एकदा वर आले की तिथेच बसून राहतात. म्हणजे वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून तर रीडर बंद केला तरी त्याच्यावर चित्र तसंच दिसत राहतं, माझ्या आईला बरेच दिवस वाटायचं की मी तो चालूच ठेवून झोपते.

बॅटरीबद्दल मात्र जाहिरात नीट वाचा. २०२४ च्या किंडल पेपरव्हाइटला १२ आठवडे लिहिलंय, पण ते रोज अर्धा तास वाचन धरून, वायफाय बंद आणि लाइट मध्यम ठेवून. हिशोब केला तर ४२ तास झाले. आयपॅडला ॲपल १० तास सांगते. म्हणजे फरक चौपट आहे, जादू नाहीये, पण लांबच्या ट्रेनमध्ये एका चार्जिंग पॉइंटवर सहा जणांचे डोळे असतात तेव्हा हा चौपट फार मोठा वाटतो.

वजनाचं दुकानात कळत नाही, वरच्या बर्थवर उताणं पडून एका हाताने वाचायला लागलं की कळतं. २०२२ चं साधं किंडल १५८ ग्रॅम, पेपरव्हाइट २११, आणि दहाव्या पिढीचा आयपॅड ४७७. डुलकी लागली की ४७७ ग्रॅम नाकावर पडतात, अनुभवाचे बोल आहेत. आयपॅड मिनी ३०० ग्रॅमच्या आत आहे, टॅबलेटच हवा असेल तर मी तोच बघेन.

तर एवढं सगळं कळल्यावर मी सहा इंची रीडर घेतला आणि खुशीत त्यावर माझी मराठी पुस्तकं टाकली. त्यातली निम्मी स्कॅन केलेल्या पीडीएफ. उघडलं आणि रडू यायचं बाकी राहिलं.

काय होतं बघा. ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि सहा इंची स्क्रीन साधारण ९१ बाय १२२. अख्खं पान त्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं. इंग्रजी एक वेळ डोळे बारीक करून वाचाल, पण देवनागरीत रफार गेला, अनुस्वार गेला, जोडाक्षराचा नुसता काळा ठिपका उरला. फॉन्ट मोठा करू म्हणाल तर स्कॅन म्हणजे फोटोच तो, त्याचा फॉन्ट कसला मोठा होतोय. झूम करून सरकवायचं तर ई-इंक एवढी सुस्त की एक ओळ संपेपर्यंत आधीची विसरायला होते. रीडर आडवा धरून अर्धं अर्धं पान वाचायचं, समास कापून टाकायचे, हे करून थोडं जमतं, पण प्रवासात एवढा खटाटोप कोण करणार.

पीडीएफचं ईपब करून बघितलं तर अजून मजा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये (ज्यात मराठी अक्षरं आतून रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात) केलेली पुस्तकं कन्व्हर्ट केली की पानभर कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा काला होतो. त्या फाईली अजून तशाच पडल्यात.

उलट नीट ईपब असेल तर रीडरला तोड नाही. हवा तेवढा टाइप, ३०० पीपीआयमुळे (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) मात्रा स्वच्छ. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या रीडरवर ईपब थेट चालतं, किंडलला २०२२ पासून सेंड टू किंडल या ॲमेझॉनच्या सोयीतून पाठवता येतं. फक्त निघायच्या आधी घरीच डाउनलोड करून, एकदा उघडून बघा, नुसतं मुखपृष्ठ दिसतंय म्हणजे पुस्तक आत आलंय असं नसतं. हे मला विमानात कळलं, दरवाजे बंद झाल्यावर.

रंगीत ई-रीडर पण आलेत, पण त्यातल्या कॅलिडो ३ नावाच्या रंगीत ई-इंक स्क्रीनवर रंगीत भाग १५० पीपीआयचा आणि कागद जरा करडा दिसतो, कॉमिक्स आणि नकाशांसाठी मी टॅबलेटच उघडते. नोटिफिकेशनचं रडगाणं गात नाही, ती बंद करता येतात.

आणि हो, रीडर नाजूक असतो. माझा पहिला बॅगेत पाण्याच्या बाटलीखाली दबला, वरून एक ओरखडा नाही पण आतली काच गेली, अर्ध्या पानावर कायमच्या रेघा. चूक माझीच. आता कडक कव्हर, आणि जागा कपड्यांच्या मधे.

तर घ्यायच्या आधी एवढं करा. कागदाचा ९ बाय १२ सेंटिमीटरचा तुकडा कापा, लॅपटॉपवर तुमची नेहमीची पीडीएफ उघडा, पान त्या तुकड्याएवढं होईपर्यंत झूम कमी करा आणि हातभर अंतरावरून वाचा. रफार दिसला तर रीडर घ्या. मैत्रिणीने केलं, तिला शीर्षक सोडून काही वाचता आलं नाही, ती आता मिनी शोधतेय.