टीवायनंतर, म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर, डिग्री घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं?

मी कॉलेजच्या ऑफिसला ॲडमिशनचं काम बघते. हल्ली खिडकीवर दिवसाआड एक तरी पालक हमखास विचारतात, मॅडम आता बी.ए. चार वर्षांचं झालंय म्हणे, मुलीला अजून एक वर्ष घालवावं लागणार का? तर पहिलं हे डोक्यातून काढा, चौथं वर्ष कंपल्सरी नाही. तीन वर्षं पूर्ण केली की पूर्वीसारखीच बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची डिग्री मिळते. चौथं केलं तर त्या डिग्रीपुढे 'ऑनर्स' असं लागतं. निवड तुमची आहे, म्हणूनच डोक्याला ताप आहे.

याचं मूळ राष्ट्रीय शिक्षण धोरणात आहे. ते जुलै २०२० मध्ये आलं, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये आणि महाराष्ट्राचा जीआर एप्रिल २०२३ मध्ये. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे लागू झालं. एका सेमला २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप), म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. दिल्ली विद्यापीठाने २०१३ ला चार वर्षांचा कोर्स आणला होता, पोरं निषेधाला रस्त्यावर उतरली आणि जून २०१४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. कर्नाटकने २०२१ ला चार वर्षं आणली आणि २०२४ ला परत तीनवर गेले, केरळने नेमकं त्याच वर्षी चार वर्षं सुरू केली. म्हणजे सगळ्या देशाचं अजून एकमत नाही, तेव्हा शेजारच्याची पोरगी करतेय म्हणून आपणही करू असं कृपा करून करू नका.

आता चौथ्या वर्षातही दोन प्रकार आहेत आणि इथे खूप जणांचा घोळ होतो. साधं ऑनर्स म्हणजे मेजर (मुख्य) विषयाचे वरच्या लेव्हलचे पेपर, रिसर्च मेथडॉलॉजी आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग. ऑनर्स विथ रिसर्च म्हणजे १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट, गाइडच्या हाताखाली, आणि त्यासाठी पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के लागतात. शिवाय यूजीसीने सांगितलंय की हे चालवणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये पीएचडी गाइड म्हणून मान्यता असलेले निदान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक हवेत. हे वाक्य दोनदा वाचा, कारण आपल्या तालुक्याच्या कॉलेजांत खरी अडचण इथेच आहे. किती डिपार्टमेंट अशी आहेत की एक सर पर्मनंट आणि बाकी सगळे सीएचबीवर, तासाप्रमाणे पैसे, पुढच्या वर्षी असतील की नाही त्यांनाच माहीत नसतं. ती माणसं जीव तोडून शिकवतात, मी रोज बघते, पण वर्षभराचा प्रोजेक्ट त्यांच्या भरवशावर ठेवणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही.

ज्यांना पुढे एमपीएससी, बँक, पोलीस भरती, घरचा धंदा नाहीतर सरळ नोकरी करायचीये त्यांच्यासाठी मी फार विचार करायला सांगत नाही, तीन वर्षं करा आणि बाहेर पडा. या परीक्षांना फार तर पदवी लागते, ऑनर्सचे वेगळे मार्क कुणी देत नाही. बी.एड.चंही तेच, दोन वर्षांचं बी.एड. धरलं तर तीन अधिक दोन पाच वर्षांत होतं, चौथं केलं तर सहा. एलएलबी तीन वर्षांची आहे, तिथेही आधीची पदवी तीन वर्षांची चालते. एक वर्ष म्हणजे नुसती फी नसते हो, गावाकडून आलेल्या मुलीचा कॉटचा खर्च, मेस, एसटीचा पास, आणि त्या वर्षात कमावले असते ते पैसे गेले ते वेगळेच.

खरा पेच एम.ए., एम.एस्सी. करायचंय त्यांचा. इथे चौथं वर्ष वाया जात नाही, कारण तीन वर्षांच्या डिग्रीवर मास्टर्स दोन वर्षांचं आणि ऑनर्सवर एका वर्षाचं. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पण पाचच. मग लोक म्हणतात सारखंच आहे की. नाही, सारखं नाही. फरक आहे तो चौथं वर्ष तुम्ही कुठे बसून करणार याचा.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीचं सांगते. इतिहास मेजर, हुशार आहे, सहा सेमचे मिळून ७८ टक्के. तिला वाटत होतं इथेच ऑनर्स विथ रिसर्च करू, ओळखीचं कॉलेज, घरून डबा, खर्च नाही. दीर पण खूश. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही वहीचं मधलं पान उघडून दोन रकाने आखले. एकीकडे खर्च शून्याजवळ, दुसरीकडे विद्यापीठाच्या गावी कॉट अडीच हजार, मेस तीन हजार, दहा महिन्यांचे ५५ हजार. पानावर बघितलं तर निकाल लागल्यातच जमा होता. पण मग मी तिला विचारलं, तुला प्रोजेक्ट कशावर करायचाय? म्हणाली मोडी लिपीतल्या कागदपत्रांवर, आमच्या भागातल्या जुन्या वतनांवर. तुमच्या डिपार्टमेंटला मोडी कोण वाचतं? गप्प बसली. डिपार्टमेंटमध्ये पर्मनंट सर एकच, आणि लायब्ररीत इतिहासाचं कपाट जेमतेम दीड. ज्या पोरीला मोडीत हात घालायचाय तिने चौथं वर्ष त्या दीड कपाटासमोर काढायचं का?

ती तीन वर्षांची डिग्री घेऊन विद्यापीठाच्या इतिहास विभागात दोन वर्षांच्या एम.ए.ला जातेय. एक वर्ष आधीच मोठ्या लायब्ररीत, मोठ्या विभागात, नव्या माणसांत. आणि मधेच काही अडचण आली, पहिल्या वर्षानंतर सोडावं लागलं तरी पीजी डिप्लोमा मिळतो, रिकाम्या हाताने यावं लागत नाही. दिरांना ५५ हजार जड वाटले, खोटं कशाला बोलू, पण पोरीचा चेहरा बघून तयार झाले.

विषय बदलायचा असेल तरी माझं मत तीन अधिक दोनच. तीन वर्षं कॉमर्स केलं आणि आता मराठीत एम.ए. करावंसं वाटतंय, तर कॉमर्सचं चौथं वर्ष करून काय मिळवणार?

याच्या उलट केमिस्ट्रीचा एक मुलगा आहे आमच्याकडे, त्याला मी स्वतः सांगितलं की चौथं वर्ष कर. त्याच्या डिपार्टमेंटला रिसर्च सेंटर आहे, गाइड आहेत, लॅबमध्ये पीएचडीची मुलं संध्याकाळी सातपर्यंत काम करत असतात, आणि त्याला ठामपणे रिसर्चच करायचंय. अशा मुलाला चार वर्षांचा रस्ता खरंच जवळचा पडतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी पास असेल तर मास्टर्स न करता थेट पीएचडीला पात्र ठरतो, राखीव प्रवर्गाला ५ टक्के सवलत आहे. २०२४ पासून यूजीसी-नेट परीक्षेचा फॉर्मही याच अटीवर भरता येतो, जेआरएफ (रिसर्चसाठीची फेलोशिप) आणि पीएचडी प्रवेशासाठी. फक्त इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, त्या नेटवर असिस्टंट प्रोफेसर होता येत नाही, त्यासाठी मास्टर्स लागतंच. प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर चौथ्या वर्षानंतर एका वर्षाचं मास्टर्स करूनच घ्या.

परदेशात जाणाऱ्यांचं थोडक्यात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मास्टर्ससाठी चार वर्षांची पदवी मागतात, काही तीन वर्षांचीही घेतात, तेव्हा तिकडे जायचं असेल तर ऑनर्सचा उपयोग आहे. इंग्लंडमध्ये त्यांची स्वतःचीच पदवी तीन वर्षांची, त्यामुळे तिकडे एवढी अडचण येत नाही.

आणि ज्यांचं अजून काहीच ठरत नाहीये त्यांनी टीवायच्या पाचव्या सेमलाच डिपार्टमेंटला जाऊन तीन गोष्टी विचारा. पर्मनंट शिक्षक किती, त्यातले गाइड किती, आणि चौथ्या वर्षाला साधं ऑनर्स आहे की रिसर्चवालं पण आहे. मग विद्यापीठाच्या विभागात जाऊन चौकशी करा, तुमच्या विषयात एका वर्षाच्या मास्टर्सला जागा किती ठेवल्यात. स्कॉलरशिप घेत असाल तर चौथ्या वर्षाला ती चालू राहणार का, हे महाडीबीटीचं (सरकारी स्कॉलरशिप पोर्टलचं) काम बघणाऱ्या क्लार्कला विचारून घ्या, फॉर्म भरल्यावर नाही, आधी. आमच्या खिडकीवर गर्दी असते, आम्ही कधी तुटक बोलतो, तरी विचारा, दुपारी तीननंतर या, तेव्हा बोलायला वेळ असतो.