वॉटसनचाच आवाज, की नवा निवेदक?

कॉनन डॉयलचा शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्तीचा एर्क्यूल पॉयरो हे दोघेही गुप्तहेर नव्या लेखकांच्या कादंबऱ्यांतून परतले, पण वेगवेगळ्या वाटांनी. अँथनी हॉरोविट्झने 'द हाउस ऑफ सिल्क'मध्ये (२०११) लेखणी होम्सचा मित्र आणि मूळ कथांचा निवेदक वॉटसन याच्याच हाती ठेवली. होम्स गेल्यानंतर म्हातारा वॉटसन लिहायला बसतो आणि हे हस्तलिखित शंभर वर्षं उघडायचं नाही, असं बजावतो. त्या एका अटीनेच मी पुस्तकात ओढला गेलो. इतकं भीषण प्रकरण तेव्हाच का छापलं नाही, याचं उत्तरही त्यातच मिळतं.

सोफी हॅनाने २०१४ पासून पॉयरो लिहिताना त्याचा जुना मित्र-निवेदक हेस्टिंग्ज याच्याऐवजी स्कॉटलंड यार्डचा (लंडन पोलिसांचा) कॅचपूल हा नवा निवेदक आणला. हे प्रामाणिक वाटतं. ख्रिस्तीच्या शैलीची हुबेहूब नक्कल करण्याचं ओझं राहत नाही. पण जुना पॉयरो मात्र थोडा परका होतो. मला विचाराल तर आधी हॉरोविट्झच वाचा.