‘मलेशियामार्गे ड्यूटी शून्य’ म्हणणाऱ्याने माझे 2,89,000 रुपये नेले

नऱ्ह्यात आमचं ॲक्रिलिक आणि ट्रॉफ्यांचं छोटं वर्कशॉप आहे. हे चार महिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एकीला तोच माणूस त्याच बोलीत भेटला, म्हणून लिहितेय.

चीनहून लेझर कटिंग मशीन मागवायचं होतं, विमा-भाडं धरून किंमत 12,00,000 रुपये. मोशीच्या प्रदर्शनात हा भेटला. “ताई, चीनशी आपला मुक्त व्यापार करार नाही, म्हणून तुम्हाला पूर्ण ड्यूटी पडते. आसियानशी, म्हणजे मलेशिया वगैरे आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी, 2010 पासून आहे. कागद मलेशियाचे करू, ड्यूटी शून्य.” सगळं खोटं नव्हतं, तिथेच मी फसले. करार नाही हे खरं आहे. आशिया-पॅसिफिक व्यापार करारात भारत आणि चीन दोघेही आहेत, पण त्यातली सवलत ठरावीक मालालाच मिळते. मी आधी कधी आयात केली नव्हती, आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड) नुकताच काढला होता. कर सल्लागारांना विचारलं तर ते म्हणाले, कस्टम्स आमचा विषय नाही. मग मी विचारायचं कुणाला?

हिशोब असा होता. साडेसात टक्के मूळ सीमाशुल्क 90,000, त्यावर समाजकल्याण अधिभार 9,000. हे 99,000 वाचणार आणि तो ‘सर्टिफिकेटचे’ 45,000 घेणार. म्हणजे फायदा 54,000 चा. त्यासाठी मी 45,000, आयजीएसटीचे (आयातीवरच्या जीएसटीचे) म्हणून 2,16,000 आणि क्लिअरिंगचे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्याचे, 28,000 असे 2,89,000 एकाच आरटीजीएसने त्याच्या खात्यात टाकले. सोनं गहाण ठेवून.

एक रात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रविवार होता. त्याने फोनवर दोन कागद पाठवले, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढवल्याची पावती, आणि फॉर्म एआय, म्हणजे मूळ देशाचं प्रमाणपत्र. बिल ऑफ लेडिंगवर माल चढवल्याचं बंदर निंग्बो. प्रमाणपत्रावर उत्पादन मलेशियात. मी वाचलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचलं. चीनच्या बंदरात चढलेलं मशीन मलेशियात बनलं कसं, हा प्रश्न मला पडला होता आणि मी तो त्याला विचारलाही होता. “ट्रान्सशिपमेंट असते ताई, वाटेत माल दुसऱ्या जहाजावर चढवतात, निर्धास्त राहा.” मी फोन ठेवला आणि सकाळी बँक उघडताच पैसे पाठवले. मला कळलं नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

मशीन बंदरावर आलं. पाटीवर ठळक ‘मेड इन चायना’. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी सवलत नाकारली. नुसता कागद फिरवून किंवा तिसऱ्या देशातून माल नेऊन मूळ देश बदलत नाही. आसियानच्या सवलतीला तिथे निदान 35 टक्के मूल्यवर्धन लागतं. सप्टेंबर 2020 पासूनच्या नियमांप्रमाणे मूळ देशाची माहिती आयातदारानेच बाळगायची आणि पटवून द्यायची असते. म्हणजे जबाबदार मी. त्या माणसाने नेमलेला कस्टम्स ब्रोकर (आयातदाराच्या वतीने कस्टम्सचे कागद भरणारा परवानाधारक) म्हणाला, “मला कागद मिळाले ते भरले, तुमची ड्यूटी माझ्याकडे आलेलीच नाही.” ब्रोकरला दिलेल्या अधिकारपत्रावर सही माझी. आणि मोशीत भेटलेल्या त्या माणसाचा फोन बंद.

ड्यूटी तुमच्या वतीने भरतो म्हणून कुणी स्वतःच्या खात्यात पैसे मागितले तर देऊ नका. आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क विभागाच्या पोर्टलवर, लॉगिन करून चलन स्वतः भरा.

मी पुन्हा 3,32,820 भरले. त्यातली 2,33,820 आयजीएसटी (ड्यूटी धरून हिशोब झाल्याने वाढलेली) क्रेडिटमधून परत येईल, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्समध्ये भरलेला कागद, माझ्या नावावर आहे म्हणून. माल अडकला त्या दिवसांचं गोदामभाडं 41,300 वेगळं गेलं. दंडाबद्दल पत्र यायचंय.

आणि तक्रार? पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: “हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा.” मी म्हटलं, खोटा सरकारी कागद बनवून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. “मॅडम, तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?” 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तेव्हा तीन आठवडे झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही पहिल्या तासात करा. बँकेत मॅनेजर साहेब म्हणाले, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. सीमाशुल्क कार्यालयात सांगितलं की खोट्या प्रमाणपत्राची चौकशी होईल, पण ती माझी! ज्याने कागद बनवला त्याचं नाव, खाते क्रमांक, चॅट सगळं मी छापून नेलं होतं. फाईल हातात घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. तीन टेबलं, चार फेऱ्या, वर्कशॉप बंद ठेवून.

ब्रोकरचा परवाना क्रमांक आधी मागा. प्रदर्शनातला माणूस ब्रोकर नसतो, मधला असतो. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी तरतूद आहे. मी पाठवलीय. पोच माझ्याकडे आहे, आठ आठवड्यांपूर्वीची. जबाबाला अजून बोलावलेलं नाही, आणि तो माणूस मात्र अजून प्रदर्शनांत हिंडतोय.